वऱ्हाडात पक्ष बोलतो कसा

२३ एप्रिल २०२४. लोकसभेचं मतदान तीन दिवसांवर आलेलं आणि अमरावतीच्या सायन्सकोर मैदानाशी आमदार बच्चू कडू पोलिसांशी हुज्जत घालत उभे. मैदानाची २३ आणि २४ तारखेची परवानगी त्यांच्या प्रहार पक्षाच्या हातात होती. पण २४ला त्याच मैदानावर अमित शहांची सभा ठरली, मांडव पडला आणि सुरक्षेचं कारण सांगून पोलिसांनी प्रहारला आत येऊ दिलं नाही. कडूंनी परवानगीचा कागद पोलिसांसमोरच फाडला. प्रहारची सभा झाली असती तर ती शहरापुरती राहिली असती. ती चित्रफीत संध्याकाळपर्यंत महाराष्ट्रभर फिरली.

निकालात काँग्रेसचे बळवंत वानखडे निवडून आले, भाजपच्या नवनीत राणा वीस हजारांच्या आतल्या फरकाने पडल्या आणि प्रहारचे दिनेश बूब पंच्याऐंशी हजारांच्या आसपास मतं घेऊन तिसरे राहिले. फाटलेल्या कागदाने किती मतं फिरवली, हे कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण त्या निवडणुकीत प्रहारचा जाहीरनामा काय होता, हे आज अमरावतीत विचारा, आणि मग मैदानावर काय झालं होतं ते विचारा. कोणत्या प्रश्नाचं उत्तर आधी मिळेल, हे सांगायला नको.

पक्ष आपलं म्हणणं मतदारापर्यंत कसं नेतात, याचा आढावा घ्यायला वऱ्हाड चांगलं. इथे मोठे पक्ष आहेत, त्यांना दम देणारे छोटे आहेत, अपक्ष आहेत, आणि स्वतः निवडणूक न लढवता सगळ्यांना बोलायचे विषय पुरवणारी शेतकरी आंदोलनंही आहेत. अमरावती आणि अकोला हे दोनच जिल्हे घेतले तरी माझं एक मत पक्कं होत जातं. म्हणणं पोचत नाही ही इथली तक्रार नाहीच. ते चारी बाजूंनी येऊन आदळतं. पण ते सगळ्यांना एकच पोचत नाही, आणि ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे उलट विचारायची सोय उरलेली नाही.

ती सोय कधी होती का? डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा नक्कीच नव्हती. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे, कारभार इंग्रजीत. गावगाड्यापर्यंत त्यातलं फारसं काही जाण्याचा प्रश्नच नव्हता. तीस वर्षांनी, १९२७च्या नोव्हेंबरात, अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर शहरातल्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तोवर चित्र पालटलं होतं. विषय समोरच्या लोकांचा होता आणि भाषाही त्यांची.

पण गावात जाऊन बोलायचं कसं, हे वऱ्हाडाला पक्षांनी शिकवलं नाही. ते शेंडगावच्या गाडगेबाबांनी आणि यावलीच्या तुकडोजी महाराजांनी शिकवलं. गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. बाबा विचारत, समोरचे हजारो लोक उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. ऐकणारा गप्प बसूच शकत नसे. तुकडोजींनी खंजिरीवर राष्ट्राचं भजन केलं आणि १९४२च्या धामधुमीत तुरुंगही पाहिला. दोघंही कोणत्या पक्षाचे नव्हते. तरी आजचा वऱ्हाडी पुढारी सभेत ‘सांगा, खरं का खोटं?’ म्हणून हात वर करायला लावतो, ती ढब कीर्तनाच्या फडातली आहे. फरक एवढाच की बाबांना खरंच उत्तर हवं असे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली निवडणूक झाली तेव्हा वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. बहुसंख्य मतदाराला वाचता येत नव्हतं, त्यामुळे चिन्ह हाच जाहीरनामा. काँग्रेसला बैलजोडी मिळालेली. कपाशीच्या मुलखात बैलजोडीला आणखी काय समजावून सांगायचं? शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, समाजवाद्यांचं वडाचं झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी ही चिन्हंही कळायला सोपी होती, पण वखराला जुंपलेली नव्हती.

अमरावतीतून पंजाबराव देशमुख लागोपाठ तीनदा लोकसभेत गेले, केंद्रात कृषिमंत्रीही राहिले. त्यांचं म्हणणं गावात नेणारी यंत्रणा चिन्हाहून मोठी होती. १९३२ साली उभ्या राहिलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा, तिथले मास्तर आणि त्या शाळांतून पहिल्यांदा शिकलेली कास्तकारांची पोरं. भाषण न देताही मत तयार होतं, हे पंजाबरावांच्या काळात दिसलं आणि पुढे महाराष्ट्रभर शिक्षणसंस्था काढणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने ते गिरवलं. अकोल्यात ब्रिजलाल बियाणींकडे ‘मातृभूमी’ होतं. वर्तमानपत्र हाती असलेला नेता ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. यवतमाळला बापूजी अणे यांनी ‘लोकमत’ काढलं ते १९१८ साली.

बियाणी आणि अणे ही नावं आली की वेगळ्या विदर्भाचा विषय टाळता येत नाही. पक्षाचं म्हणणं ठिकाण पाहून कसं बदलतं, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सापडणार नाही. ८ ऑगस्ट १९४७चा अकोला करार, १९५३चा नागपूर करार, १९६२ साली याच प्रश्नावर नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेत गेलेले अणे, इथपर्यंत निदान मागणी आणि माणूस एक होते. पुढे भाजपने १९९७च्या भुवनेश्वर अधिवेशनात वेगळ्या विदर्भाच्या बाजूने ठराव केला. तो ठराव नागपूर-अमरावतीत भाषणात यायचा, आणि शिवसेनेबरोबर मुंबईत बसलं की खिशात जायचा. काँग्रेसचंही वेगळं नव्हतं. त्यांचे विदर्भातले नेते एक बोलत, पश्चिम महाराष्ट्रातले दुसरं. दोन्ही पक्षांना हे चाललं, कारण पुण्याचा मतदार अमरावतीची सभा ऐकायला येत नव्हता. वऱ्हाडातला मतदारही त्यामुळे या मागणीबद्दल थंड झाला, असं मला वाटतं. जे म्हणणं म्हणणाऱ्यालाच सगळीकडे म्हणवत नाही, त्याच्यावर मत कशाला वाया घालवायचं?

एकच गोष्ट सगळीकडे सांगणारा माणूस आला तो पक्षाबाहेरून. शरद जोशींनी शेतकरी संघटनेचा एककलमी कार्यक्रम ठेवला: शेतमालाला रास्त भाव. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आणि छातीवरचा लाल बिल्ला ऐंशीच्या दशकात विदर्भातल्या कपाशीच्या पट्ट्यात गावोगाव दिसायचा. जोशींची सभा म्हणजे अर्थशास्त्राचा तास. बियाणं किती, निंदणं किती, वेचणी किती, हाती काय आलं आणि सरकारने निर्यात अडवून त्यातलं किती खाल्लं. अडाणी म्हटला जाणारा कास्तकार वावरात उभ्या पऱ्हाटीचा हिशेब या सभांत शिकला. तोपर्यंत भाव म्हणजे नशीब होतं. त्यानंतर तो धोरण झाला. कापूस एकाधिकार खरेदी १९७२ पासून चालू होती, पण तिच्यावर सरकारला उभं-आडवं विचारायची भाषा या सभांनी दिली.

तरी मतपेटीने जोशींना ओळख दिली नाही. १९९४ साली त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. त्याच्या नावावर वामनराव चटप २००४ मध्ये चंद्रपूरच्या राजुऱ्यातून आमदार झाले, पण ज्या अकोला-अमरावतीत बिल्ल्याला मान होता तिथे पक्ष रुजला नाही. म्हणणं समजलं, पटलं, त्यासाठी लोक तुरुंगातही गेले, आणि मत दुसरीकडेच टाकलं. पक्षांच्या प्रचारतज्ज्ञांना हे कोडं अजून नीट सुटलेलं दिसत नाही. माझ्या मते इथला मतदार विचार ऐकतो एकाचा, आणि तहसीलमधलं काम करून घेतो दुसऱ्याकडून. रास्त भाव मिळायला दिल्ली हलवावी लागते. रेशनकार्डावर नाव चढवायला आमदाराचा माणूस पुरतो. मत बहुतेक वेळा त्या माणसाला जातं.

म्हणूनच वऱ्हाडात पक्षाचं लेबल न पाहता माणूस निवडून येण्याची खोड जुनी आहे. १९८९ साली अमरावतीने भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदामकाका देशमुख लोकसभेत पाठवले. मतदारसंघ लाल झाला होता असं कोणी समजू नये. तो सुदामकाकांचा विजय होता. पुढे याच जागेवर प्रतिभा पाटील, शिवसेनेचे अनंत गुढे, रिपब्लिकन रा. सू. गवई, आनंदराव अडसूळ असे सगळे येऊन गेले. २००९ पासून बडनेऱ्यातून निवडून येत असलेल्या रवी राणांचं तंत्र तर सगळ्यांहून वेगळं. २०११ साली तीन हजारांहून अधिक जोडप्यांच्या सामूहिक विवाहसोहळ्यात त्यांनी स्वतःचंही लग्न लावलं. त्या दिवशी मांडवात आलेल्या कुटुंबांना वेगळा जाहीरनामा द्यायची गरज नव्हती. यावर नाकं मुरडणारे शहरात पुष्कळ आहेत, पण दिवाळीला घरी आलेला किराणा हाही एक संदेशच असतो आणि तो छापील पत्रकापेक्षा नीट वाचला जातो.

अकोल्याची गोष्ट याच्या उलटी आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. प्रकाश आंबेडकरांनी मखराम पवारांसारख्या सहकाऱ्यांना घेऊन भारिप-बहुजन महासंघाचा जो ‘अकोला पॅटर्न’ बसवला, त्यात म्हणणं आधी होतं: दलित, माळी, धनगर, बंजारा, कोळी अशा, एकेकट्या कधीच निवडून न येणाऱ्या समाजांनी एकमेकांना मत द्यायचं. हे भोंग्यावरून सांगून होत नाही. माळ्याच्या ओसरीवर बसून त्याला धनगर उमेदवाराला मत द्यायला राजी करायचं, आणि पुढच्या खेपेला धनगराच्या वाड्यावर जाऊन उलट. हे काम वर्षानुवर्षं झालं म्हणून जिल्हा परिषदेत ही ताकद इतकी टिकली. १९९८ साली आंबेडकर अकोल्यातून, गवई अमरावतीतून खुल्या जागांवर निवडून आले, त्यामागे काँग्रेसशी झालेली युती होती हे खरं. पण १९९९ला आंबेडकर पुन्हा आले.

त्या कामाचा पुरावा मला जिंकलेल्या नाही, हरलेल्या निवडणुकांत दिसतो. २०१९ला आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीचं चिन्ह कपबशी होतं, २०२४ला प्रेशर कुकर. मान्यता नसलेल्या पक्षाला स्वतःचं राखीव चिन्ह नसतं, ते दर निवडणुकीला नव्याने मागावं लागतं. मग हाती उरतात थोडे दिवस, आणि तेवढ्यात लाखो लोकांच्या डोक्यातून जुनं चिन्ह पुसून नवं बसवायचं. तरी दोन्ही वेळा आंबेडकरांना अकोल्यात पावणेतीन लाखांच्या वर मतं पडली. कपबशी गेली, कुकर आला, माणसं हलली नाहीत. घराघरांतून बांधलेला निरोप चिन्हाच्या पलीकडे पोचतो तो असा. अर्थात त्याची हद्दही तिथेच दिसते: पावणेतीन लाखांच्या फारसा पुढे काही तो सरकत नाही. २०२४ला काँग्रेसचे अभय पाटील दुसरे, आंबेडकर तिसरे आणि भाजपचे अनुप धोत्रे चाळीस हजारांनी विजयी. ज्यांच्या घरी कोणी बसायला गेलं नाही, त्यांना हे म्हणणं आपलं वाटलं नाही.

दर दसऱ्याच्या सुमारास अकोला क्रिकेट क्लबच्या मैदानावर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची सभा भरते. निवडणूक असो नसो, आंबेडकर तिथे राजकीय भूमिका सांगतात, आणि बायका-पोरांसह आलेले लोक ती ऐकून आपापल्या गावी जाऊन सांगतात. बारमाही बोलणारा पक्ष आणि आचारसंहिता लागल्यावर जागा होणारा पक्ष यांतला फरक पाहायचा तर त्या मैदानावर जावं.

कायद्याने या सगळ्याला कुंपण घातलंय, पण ते एकाच बाजूने उंच आहे. लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख, विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख खर्चाची मर्यादा. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. हातात पडणारं साधं पत्रक घ्या. वर नेत्यांचे चेहरे, मध्ये हात जोडलेला उमेदवार, मागे मतदानयंत्राचा नमुना, त्यात फक्त स्वतःच्या उमेदवाराची ओळ भरलेली आणि बाकी रांगा कोऱ्या. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात मुद्रक आणि प्रकाशक. ती ओळ १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ मुळे येते. कागदाच्या चिठोऱ्याला बापाचं नाव सक्तीचं, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोचा बाप शोधायला मात्र सायबर पोलीस.

मोबाइलने केलेला बदल मी खर्चात किंवा वेगात मोजत नाही. पारावरच्या कॉर्नर सभेत एखादा म्हातारा हमखास उठून म्हणायचा, ‘मंग इतके दिवस कुठी होता भाऊ?’ आणि सगळं गाव हसायचं. उमेदवाराला काहीतरी उत्तर द्यावंच लागायचं, आणि ते उत्तर सगळ्यांनी मिळून ऐकलेलं असायचं. आता निरोप एकेकाच्या हातात वेगवेगळा येतो. समाजाच्या ग्रुपवर आरक्षणाचा, पोरांच्या ग्रुपवर धर्माचा, कास्तकारांच्या ग्रुपवर भावाचा, पक्ष तोच. शेजाऱ्याला काय सांगितलंय हे कळत नाही, त्यामुळे दोन निरोपांतली विसंगती पकडायला कोणी नसतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल पेटली तेव्हा प्रशासनाने आधी इंटरनेट बंद केलं. कोणत्या रस्त्याने काय वाहतं, हे त्यांना ठाऊक होतं.

मेळघाटात हाही रस्ता तुटका आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू गावांत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही आणि मराठी पत्रकाचा उपयोग बेताचा. तिथे कोरकू बोलणारा कार्यकर्ता नसेल तर पक्ष मुका. २०२४ला रंगुबेलीसारख्या गावांनी रस्ता, वीज, पाणी नाही म्हणून मतदानावर बहिष्कार टाकला. पक्षांचं म्हणणं त्यांना कळलं नव्हतं असं नाही. त्यांनी आपलं म्हणणं उलट पाठवलं होतं.

आता छापील वचनांकडे येऊ, कारण २०२४च्या विधानसभेत वऱ्हाडापुरता जाहीरनामा दोन आकड्यांवर आला होता. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि बाजार समितीत माल त्याच्या खाली विकला जात होता. भाजपने ६,००० सांगितले. राहुल गांधींनी ७,००० आणि वर बोनस. कर्जमाफी दोघांनीही. पण दोन्ही आकडे पुढच्या काळातले होते, आणि जूनमध्ये जाहीर झालेल्या लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये खात्यात पडू लागले होते. बँकेचा मेसेज वाचून झाल्यावर महायुतीने कबूल केलेले २,१०० विरुद्ध महाविकास आघाडीचे ३,००० ही वादावादी घराघरांत झाली असेल. पण जमा झालेल्या पैशापुढे जाहीर झालेला पैसा टिकत नाही. लोकसभेला संविधानाच्या मुद्द्यावर आणि पडलेल्या भावावर तापलेल्या अमरावती जिल्ह्याने सहा महिन्यांत भाजपला आठपैकी पाच जागा दिल्या. अचलपुरात बच्चू कडू पडले, तिवशात काँग्रेसच्या यशोमती ठाकूर पडल्या. अकोल्यात पाचपैकी तीन भाजपच्या. भाजपचं म्हणणं अचानक चांगलं झालं असं नव्हे. ते या वेळी बायकांच्या नावाने, त्यांच्या खात्यावर गेलं. वऱ्हाडातल्या कोणत्याही पक्षाने शेतकऱ्याशी बोलताना शेतकरीण धरलेलीच नव्हती. निंदण-वेचणीचा बहुतेक भार तिच्यावर असूनही. ही चूक सगळ्यांची, आणि फायदा एकाचा झाला.

जाहीरनाम्याचं खरं आयुष्य मात्र निकालानंतर सुरू झालं. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी ३१ तारखेपर्यंत पीककर्ज भरा असं सांगून टाकलं. मग ‘सातबारा कोरा’ करण्याच्या प्रचारातल्या चित्रफिती पुन्हा फिरू लागल्या, या खेपेला विरुद्ध दिशेने. पराभूत कडू ८ जूनला गुरुकुंज मोझरीत तुकडोजी महाराजांच्या समाधीच्या गावी उपोषणाला बसले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ट्रॅक्टर घेऊन नागपूरच्या वेशीवर जाऊन रस्ता अडवला. तेव्हा कुठे ३० जून २०२६ पूर्वी निर्णय घेण्याचं आश्वासन आलं. दरम्यान २०२५-२६चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ जाहीर झाला होता. आमदारकी गेल्यावर कडूंचा आवाज वाढला, यात मला नवल वाटत नाही. वऱ्हाडात विरोधी पक्षाचं काम विधानसभेपेक्षा रस्त्यावर बरं चालतं.

आणि जानेवारी २०२६मधलं अकोट. नगरपरिषदेत बहुमत जुळेना म्हणून स्थानिक भाजपने केलेल्या ‘अकोट विकास मंचा’त एमआयएमचे नगरसेवकही आले. वर्षानुवर्षं दोन्ही पक्ष एकमेकांचं भय दाखवून मतं मागतात. ‘बटेंगे तो कटेंगे’ ऐकून अकोटात कमळ दाबणारा आणि त्याला घाबरून पतंग दाबणारा, दोघंही एका मंचावर जाऊन बसलेले. मुंबईहून मुख्यमंत्र्यांनी डोळे वटारले, तेव्हा मांडवली फिसकटली. स्थानिक नेत्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली ती पक्षशिस्त मोडल्याबद्दल; मतदाराला दिलेल्या शब्दाबद्दल नोटीस काढायची तरतूद कोणत्याच पक्षाच्या घटनेत नाही.